न वाचलेल्या ग्रंथांचा कैवार

नवरात्रात सरस्वतीचे आवाहन झाले की घरातले ग्रंथ पाटावर मांडावयाचे, त्यांना गंधफूल वाहावयाचे आणि विसर्जन होईपर्यंत त्यांपैकी एकही उघडावयाचा नाही, असा एक दंडक आपल्याकडील कित्येक घरांतून पाळला जात आला आहे. त्याची थट्टा करणे सोपे आहे; विद्येची पूजा बांधावयाची आणि नेमकी त्याच दिवसांत विद्येला सुटी द्यावयाची, यात विसंगती नाही असे कोण म्हणेल? परंतु वर्षातून दोन-तीन दिवस का होईना, वाचण्याखेरीज अन्य काही कारणानेही ग्रंथ घरात असू शकतो, एवढी गोष्ट या दंडकाने मान्य केली आहे. आणि ज्याच्या फडताळात, पलंगाखाली, पोटमाळ्यावर व अलीकडे जिन्याच्या वळणावरही न वाचलेल्या पुस्तकांनी ठाणे दिले आहे, अशा माणसाला तेवढीही मान्यता लहान वाटत नाही. उरलेले वर्षभर त्याच्यावर घरातून एकच फिर्याद दाखल असते: आहेत ती आधी वाचून संपवा, मग नवी आणा.

फिर्यादी पक्ष दुबळा आहे असे मी म्हणणार नाही. मराठी वाचकाच्या घरात पुस्तके येण्याची द्वारे पुष्कळ आहेत आणि बाहेर जाण्याचे द्वार जवळजवळ नाहीच. प्रकाशनपूर्व सवलतीच्या मोहाने नोंदवून ठेवलेले तीन-तीन, चार-चार खंडांचे संच, संमेलनाच्या मांडवातून भिडेखातर उचललेले कवितासंग्रह, अप्पा बळवंत चौकात मुलांच्या वह्या घ्यावयास गेले असता हाती आलेली चरित्रे, मुंबईच्या पदपथावर पावसाची सर येण्यापूर्वी घाईघाईने सौदा केलेली जुनी इंग्रजी पुस्तके, आणि लेखक स्नेही असल्यास ‘सप्रेम भेट’ म्हणून आलेल्या प्रती, ही झाली बारमाही आवक. तिला ऋतूही लाभला आहे. १९०९ साली काशिनाथ रघुनाथ मित्रांनी ‘मनोरंजना’चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून गेल्या वर्षीचे अंक निम्मे वाचून होतात न होतात तोच यंदाचे दारात येऊन उभे राहतात. ढीग वाढतो, आणि ढिगाबरोबर मालकाच्या मनातला अपराधभावही वाढतो. हा अपराधभाव नेहमी सावकाराच्या थाटात बोलतो. पुस्तक विकत घेतले त्या क्षणी जणू आपण खत लिहून दिले, मुदत ठरली, मुदत टळली, आणि आता ते पुस्तक फळीवरून रोज तगादा लावीत आहे, अशी आपली समजूत असते. माझे म्हणणे असे आहे की, ही रक्कम मुळातच भलत्या खात्यावर मांडली गेली आहे. ग्रंथ वाचणे आणि ग्रंथ राखणे ही दोन स्वतंत्र कर्तव्ये आहेत. दुसरे कर्तव्य काही शर्तींवर पार पाडणाऱ्या माणसाला पहिल्याचा थकबाकीदार ठरविण्याचा अधिकार कोणाला पोहोचत नाही. आणि त्या शर्ती कोणत्या, हाच खरा विचारात घेण्याजोगा प्रश्न आहे.

आधी हिशेबाची बाजू पाहू. दर आठवड्यास एक ग्रंथ, असा नेम एखाद्याने आजारपण, लग्नकार्ये, बदल्या आणि निवडणुका यांतून न मोडता पन्नास वर्षे चालविला, तर त्याच्या खाती दोन हजार सहाशे ग्रंथ जमा होतील. एवढी पुस्तके तालुक्याच्या एखाद्या बऱ्यापैकी वाचनालयाच्या एका दालनात सहज मावतात. मुंबईच्या एशियाटिक सोसायटीत लाखाहून अधिक ग्रंथ आहेत. तेथे रोज एक संपविणाऱ्या माणसाला पावणेतीनशे वर्षांचे आयुष्य लागेल. दुर्गाबाई भागवतांनी त्याच सभागृहात अनेक दशके बैठक मारून अभ्यास केला, आणि त्यांच्या व्यासंगाचा दबदबा मराठी जगाला ठाऊक आहे. तरी तेथील बहुसंख्य ग्रंथ त्यांनीही उघडले नसतील, आणि तसे म्हटल्याने त्यांच्या विद्वत्तेस बाध येतो असे कोणास वाटत नाही. तात्पर्य, ढीग संपविणे ही गोष्ट आळशी माणसाला असाध्य आणि उद्योगी माणसाला साध्य, अशी नाहीच; ती सर्वांनाच सारखी असाध्य आहे. जी बाकी कोणत्याही कुळाकडून कधीही वसूल होणे शक्य नाही, तिला बाकी म्हणणे कोणत्याही दप्तरात गैरशिस्तच ठरेल.

येथवर बहुतेक लोक माझ्याबरोबर येतात. मात्र पुढच्या वळणावर ते सेनेकाच्या मागे जातात. रोमच्या या स्टोइक तत्त्वज्ञाने ग्रंथसंग्रहावर केलेली टीका इतकी नेमकी आहे की, दोन हजार वर्षांनंतरही ती आपल्याच दिवाणखान्याला उद्देशून आहे असे वाटते. ज्यांची नुसती नावे वाचून काढावयासही मालकाचा जन्म पुरणार नाही एवढे ग्रंथ हवेत कशाला, असा त्याचा सवाल आहे. स्नानगृहाप्रमाणे ग्रंथालय हेही श्रीमंतांच्या घराचे भूषण होऊन बसले आहे, असा त्याचा टोमणा आहे. आणि थोड्या निवडक ग्रंथकारांशी सलगी करावी, पुष्कळांत भटकू नये, असा त्याचा उपदेश आहे. आपल्याकडील सुभाषितकारांनीही पुस्तकात राहिलेली विद्या व परक्याच्या हाती गेलेले धन यांना एकाच पंक्तीस बसवून, वेळेस दोन्ही उपयोगी पडत नाहीत, असा निकाल केव्हाच दिलेला आहे. या दोन्ही मतांमागे एक गृहीत लपलेले आहे. ग्रंथाचा संबंध एका माणसाशी आणि त्याच्या एका आयुष्याशी आहे, असे ते गृहीत. ते मान्य केले की बाकीचे सारे ओघानेच येते.

पण सेनेकाच्याच परिच्छेदात त्याच्याविरुद्धचा पुरावा बसलेला आहे. अलेक्झांड्रियाच्या आगीत चाळीस हजार ग्रंथ जळाले, असे सांगून तो म्हणतो की, राजवैभवाचे सुंदर स्मारक म्हणून त्यांची स्तुती लिव्हीसारख्याने खुशाल करावी. त्याला स्वतःला तो नुसता डौल वाटतो. हा लिव्ही म्हणजे रोमचा सर्वांत मोठा इतिहासकार. त्याने आपल्या नगरीचा इतिहास एकशे बेचाळीस भागांत लिहिला, आणि त्यांपैकी आज पस्तीस उपलब्ध आहेत. बाकीचे कोठे गेले? ते काही एकाच आगीत जळाले नाहीत. इतका अवाढव्य ग्रंथ घरात ठेवावयाचा कोठे आणि वाचावयाचा केव्हा, असा प्रश्न समंजस रोमन गृहस्थाला पडला. माझ्या ग्रंथालयात सगळा लिव्ही मावत नाही, असे मार्शल कवीने थट्टेने का होईना लिहून ठेवले आहे. पुढे त्या भागांचे संक्षेप तयार झाले, लोक संक्षेपांवर भागवू लागले, आणि मूळ भागांच्या नव्या नकला कोणी करीनासे झाले. आज त्यांतील बहुतेक भागांचे चार-चार ओळींचे गोषवारे शिल्लक आहेत आणि मूळ ग्रंथ नाहीत. आपल्याला जेवढे वाचवेल तेवढेच ठेवावे, हा जो नियम एका माणसासाठी विवेकाचा आहे, तो सगळ्यांनी पाळला की त्याचा परिणाम काय होतो हे लिव्हीच्या त्या एकशे सात भागांनी दाखवून दिले आहे. एक माणूस निवड करतो तेव्हा ती रुची असते. हजारो माणसे तीच निवड करतात तेव्हा ती नकळत झालेली जाळपोळ असते.

याउलट, न वाचता राखणाऱ्यांची कामगिरी पाहावी. इटलीचा पेट्रार्क हा त्या काळचा युरोपातील बहुधा सर्वांत साक्षेपी ग्रंथसंग्राहक. त्याला १३५४ साली बायझँटाइन दरबारच्या वकिलाकडून होमरची ग्रीक प्रत भेट आली. पेट्रार्कला ग्रीक येत नव्हते म्हटले तरी चालेल. आभाराच्या पत्रात तो लिहितो की, होमर माझ्यापाशी मुका आहे, की मीच त्याच्यापाशी बहिरा आहे, हे सांगवत नाही. तरी नुसत्या दर्शनाने मला आनंद होतो, मी त्याला कवटाळतो आणि उसासे टाकतो. सेनेकाच्या कसोटीला हा माणूस उतरेल काय? पण पुढे काही वर्षांनी त्याच्या आणि बोकाचिओच्या खटपटीने लिओन्तिउस पिलातुस नावाच्या एका ग्रीकज्ञाकडून होमरचे लॅटिन भाषांतर झाले, आणि पश्चिम युरोपात होमरचे दार किलकिले झाले. भाषांतर ओबडधोबड होते, ही गोष्ट वेगळी.

आपल्या देशातील दाखला याहूनही बोलका आहे. कौटिल्याचे अर्थशास्त्र हा ग्रंथ विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत पंडितांना इतरांच्या अवतरणांतून आणि उल्लेखांतूनच माहीत होता. १९०५ साली म्हैसूरच्या प्राच्य ग्रंथालयात रुद्रपट्टण शामशास्त्री यांना तंजावर जिल्ह्यातील एका पंडिताकडून आलेल्या ताडपत्रांच्या जुडीत तो संपूर्ण सापडला, आणि १९०९ साली त्यांनी तो छापून प्रसिद्ध केला. ती ताडपत्रे त्या पंडिताच्या घरात किती पिढ्या पडून होती कोण जाणे. त्या पिढ्यांतील प्रत्येक कर्त्या पुरुषास मंडलसिद्धान्त आणि शुल्काध्यक्षाचे नियम कळत होते असे मानावयास काही आधार नाही. पण त्यांपैकी एकानेही ती जुडी चुलीत घातली नाही किंवा नदीत सोडली नाही, एवढ्यानेच प्राचीन भारताच्या राज्यव्यवहाराचा इतिहास नव्याने लिहावा लागला. पाटण व जेसलमेर येथील जैन ज्ञानभांडारांत तर ही राखण धर्मकृत्यच मानली गेली. कार्तिक शुद्ध पंचमीला तेथे पोथ्यांची पूजा होते, आणि त्या निमित्ताने त्यांची धूळ झटकून पाहणीही होते. पावसाळ्याची दमट हवा सरल्यावरचा तो मुहूर्त ज्याने कोणी ठरविला, तो वाचकापेक्षा राखणदार अधिक असावा.

महाराष्ट्रातील जुन्या घरांतही हेच काम होत होते, मात्र त्यात एक मोठी गोम होती. लाल किंवा पिवळ्या फडक्यात बांधलेली पोथी मी अनेक घरांत उघडून पाहिली आहे. वरखाली दोन फळ्या, मध्ये सुटी पाने, प्रत्येक पानाच्या दोन्ही अंगांना तांबड्या शाईचे समास. लेखकाची चूक झाली तेथे हरताळ लावून वर नवे अक्षर घातलेले. आणि अखेरच्या पानावर नकलाकाराची विनवणी, की या पोथीला तेलापासून, पाण्यापासून, ढिल्या बांधणीपासून आणि मूर्खाच्या हातापासून सांभाळा. कित्येक पोथ्यांच्या पहिल्या चार पानांवर बोटांचे डाग दिसतात आणि पाचव्यापासून पुढे कागद कोरा करकरीत असतो. म्हणजे वाचन कोठे थांबले त्याचा दिनांक नाही तरी ठिकाण नक्की सांगता येते. तरीही दोनशे पावसाळे त्या पोथीने काढलेले असतात. इतिहासाचार्य राजवाडे गावोगाव हिंडून ज्या दप्तरांचा शोध घेत होते, तीही अशाच घरांत होती. १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड त्यांनी छापला, त्यातील पानिपतच्या काळची पत्रे वाईकडील एका घरात पडून असलेल्या कागदांतून आली. मोडी वाचता येत नाही, कागद कशाचे हे ठाऊक नाही, पण वाडवडिलांचे आहेत म्हणून राहू द्यावे, या वृत्तीने राजवाड्यांची वाट पाहिली असे म्हणता येईल.

गोम ही की, याच वृत्तीची दुसरी बाजू राजवाड्यांना पदोपदी नडली. कागद आहेत, पण दाखविणार नाही. वतनाचा वाद उपस्थित होईल, घराण्याची उणीदुणी निघतील, किंवा काही नाही, आम्ही दाखवीत नाही, बस. असे कित्येक रुमाल पुढच्या पिढीत वाण्याच्या दुकानी पुड्या बांधण्याच्या कामी गेले किंवा वाळवीने खाल्ले, आणि त्यांत काय होते हे आता कधीच कळावयाचे नाही. महानुभाव पंथाची कथा आणखी विचार करावयास लावणारी आहे. म्हाइंभटांचे ‘लीळाचरित्र’ हे तेराव्या शतकाच्या अखेरीचे, मराठी गद्याचे आद्य लेणे. ते पंथीयांनी निष्ठेने राखले, त्याच्या नकला केल्या, पण सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांच्या कड्याकुलुपात. परचक्राचे भय, स्वकीयांचा द्वेष, यांमुळे तसे करणे त्यांना भाग पडले असेल, आणि त्याबद्दल त्यांना दोष देण्याचा आपला अधिकार तोकडा आहे. परंतु विसाव्या शतकाच्या आरंभी राजवाडेप्रभृती संशोधकांनी त्या लिपीचा उलगडा केला तोपर्यंत बाकीच्या महाराष्ट्राच्या लेखी हे वाङ्मय नसल्यासारखेच होते. राखणे आणि दडविणे यांमधील सीमारेषा ती हीच. पहिली शर्त म्हणून मी एवढेच मागतो की, न वाचलेला ग्रंथ जो बाळगतो त्याने, ज्याला तो वाचावयाचा आहे त्याला दार उघडले पाहिजे.

ही शर्त पाळणारा मराठी माणूस शोधावयाचा तर तो मला तंजावरला सापडतो. दुसरे सरफोजी राजे १७९८ साली गादीवर आले तेव्हा राज्य नावापुरतेच उरले होते. पुढच्या वर्षीच्या तहानाम्याने कंपनीने उरलेसुरले अधिकारही काढून घेतले. सत्ता गेलेल्या राजाने करावे काय, या प्रश्नाला त्या काळच्या संस्थानिकांनी दिलेली उत्तरे सर्वांना ठाऊक आहेत. सरफोजींनी ग्रंथ जमविले. श्वार्ट्झ या मिशनऱ्याच्या देखरेखीखाली वाढलेल्या या भोसल्याने संस्कृत, तमिळ, तेलुगु, मराठी हस्तलिखितांच्या बरोबरीने युरोपातून वैद्यक, वनस्पतिशास्त्र, इतिहास, कोश असे हजारो छापील ग्रंथ मागविले. काशीयात्रेस गेले तेव्हा तेथूनही पोथ्यांचा साठा आणविला. एवढे सारे एका राजाने वाचले असेल ही कल्पनाच व्यर्थ आहे, आणि तसा दावा त्याच्या भाटांनीही करू नये. पण सरस्वती महालातील तो संचय १९१८ साली सार्वजनिक झाला, आणि तेव्हापासून मराठीच्या दक्षिणी शाखेचा, तिच्या नाटकांचा, मोडी कागदांचा अभ्यास ज्याला करावयाचा आहे त्याला तंजावरची वाट धरल्यावाचून गत्यंतर नाही. मराठ्यांच्या दौलतींपैकी जी आजही रोज उपयोगात येते अशी दौलत कोणती, असे मला कोणी विचारले तर मी या ग्रंथालयाचे नाव अगोदर घेईन.

तथापि ग्रंथसंग्रहाच्या बाजूने बोलताना एक आक्षेप टाळून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. न वाचलेले ग्रंथ बाळगण्याची चैन आपल्या समाजात कोणाला परवडत होती? ज्यांच्या घरात पोथ्या पडून राहिल्या, त्यांनीच इतरांना पोथीस शिवू दिले नाही. वापर स्वतः करावयाचा नाही आणि दुसऱ्यास करू द्यावयाचा नाही, असा हा दुहेरी अन्याय होता. आक्षेप निर्विवाद खरा आहे, आणि माझ्या मते त्याचे सर्वांत समर्पक उत्तर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या ग्रंथसंग्रहाने दिले आहे. शाळेत असताना त्यांना संस्कृत शिकावयाचे होते. अस्पृश्य म्हणून ते नाकारले गेले आणि फारसी घ्यावी लागली. न्यूयॉर्कला विद्यार्थी असताना पोटाला चिमटा घेऊन त्यांनी जुन्या बाजारातून ग्रंथ खरेदी केले. १९१७ साली लंडनहून परतताना वेगळ्या जहाजाने पाठविलेले त्यांचे सामान, त्यातील ग्रंथांसह, ते जहाज पाणबुडीच्या हल्ल्यात बुडाल्याने समुद्राच्या तळाशी गेले. आणि तरी दादरच्या हिंदू कॉलनीत स्वतःचे घर बांधण्याची वेळ आली तेव्हा ‘राजगृहा’ची आखणी प्रथम ग्रंथांसाठी झाली व नंतर माणसांसाठी. तेथे पन्नास हजारांच्या आसपास ग्रंथ होते असे सांगतात. रोज एक धरला तरी एकशे सदतीस वर्षे. आणि मधल्या काळात या माणसाला सत्याग्रह करावयाचे होते, गोलमेज परिषदेत बोलावयाचे होते, राज्यघटनेचा मसुदा करावयाचा होता. राजगृहातील ग्रंथ ‘संपविण्या’साठी नव्हते. जो प्रश्न उद्या उभा राहील त्याचे उत्तर उद्याच हाताशी असावे, ते कोणाच्या मेहेरबानीवर अवलंबून नसावे, म्हणून ते होते. ज्याच्या पूर्वजांना एक अक्षर वाचण्याची बंदी होती, त्याने एका जन्मात वाचून होणार नाहीत इतके ग्रंथ आपल्या छपराखाली आणावेत, यात मला जो अर्थ दिसतो तो सेनेकाच्या तत्त्वज्ञानात मावत नाही. आणि सेनेका स्वतः कोट्यधीश होता हेही जाता जाता नमूद करावेसे वाटते. १९४६ साली बाबासाहेबांनी स्थापिलेल्या सिद्धार्थ महाविद्यालयात पुढे त्यांच्या ग्रंथांपैकी पुष्कळ गेले, म्हणजे दार उघडण्याची शर्तही त्यांनी पाळली.

गरज पडेल तेव्हा ग्रंथ हाताशी असणे ही गोष्ट वाटते तितकी किरकोळ नाही. लोकमान्यांनी ‘गीतारहस्य’ मंडालेच्या तुरुंगात १९१०-११ च्या हिवाळ्यात, अवघ्या काही महिन्यांत, शिसपेन्सिलीने लिहून काढले, ही गोष्ट आपण कौतुकाने सांगतो आणि त्यांच्या स्मरणशक्तीचे पोवाडे गातो. पण त्या काळात त्यांनी भाचे धोंडोपंत विद्वांस यांना धाडलेल्या पत्रांतून पुस्तकांच्या मागण्या सारख्या येत राहतात. पुण्याच्या घरी ग्रंथ नसते तर तुरुंगातील निवांतपणाचा तरी काय उपयोग होता? वेळ मिळेल तेव्हा पुस्तके विकत घेऊ, असे म्हणणाऱ्याला वेळ मिळाल्यावर पुस्तके मिळतीलच असे नाही. मराठी पुस्तकाची आवृत्ती हजार-अकराशे प्रतींची, ती संपली की दुसरी निघेल याची हमी प्रकाशकही देत नाही. पंचविसाव्या वर्षी घेतलेले पुस्तक पन्नासाव्या वर्षी उघडणारा वाचक उशीर करतो असे मला वाटत नाही. पंचविसाव्या वर्षी त्याने ते उघडले असते तर पुष्कळदा त्याला त्यातले काही कळले नसते, आणि ‘वाचले’ असा शेरा मारून त्याने ते कायमचे मिटून टाकले असते.

ज्या ढिगाचा कैवार मी घेणार नाही, तोही सांगून टाकतो. नव्या सदनिकेच्या दिवाणखान्यात काचेच्या कपाटात, सोनेरी कण्यांचे समग्र वाङ्मयाचे संच एका उंचीने उभे असतात, किल्ली सापडत नसते, आणि एखाद्या पाहुण्याने खंड चौथा मागितलाच तर यजमान संकोचून विषय बदलतो. येथे सेनेकाचे सगळे आरोप सिद्ध आहेत आणि अपिलाला जागा नाही. दुसरा ढीग नव्या जमान्याचा. मोबाईलमध्ये उतरवून ठेवलेल्या पीडीएफ, किंडलवर स्वस्तात मिळाल्या म्हणून घेतलेल्या कादंबऱ्या यांना वजन नाही, धूळ नाही, घरच्यांचा जाच नाही. दुर्मीळ ग्रंथांच्या छायाप्रती घरबसल्या मिळू लागल्या हा लाभही थोडाथोडका नाही, मी स्वतः तो रोज घेतो. पण पोटमाळ्यावर चढलेल्या बारा वर्षांच्या मुलीला तेथे ट्रंकेत काहीतरी सापडते तसे दुसऱ्याच्या मोबाईलमध्ये कोणाला काही सापडत नाही. तो संग्रह परवलीच्या शब्दाबरोबर जगतो आणि मालकाबरोबर जातो, हे सकळ लिपीहूनही कडेकोट कुलूप झाले.

राखणाऱ्याच्या शर्तींत दार उघडण्याबरोबर मी आणखी एक घालीन: यादी. आपल्याकडे काय आहे याची निदान एक वही असावी, आणि ती घरातील दुसऱ्या कोणाला माहीत असावी. ज्याला जमेल त्याने देणगीचे काम हयातीतच उरकावे; इंग्लंडचे ग्लॅडस्टन ऐंशी उलटल्यावर आपल्या वाड्यातील हजारो ग्रंथ एकचाकी गाडीतून स्वतः ढकलीत हॉवर्डन गावच्या ग्रंथालयात नेऊन पोहोचवीत होते. आपल्याकडे बहुधा वारसांवर ही वेळ येते, आणि वारस फ्लॅटची किल्ली बिल्डरच्या हवाली करण्याच्या घाईत असतात. ते दोन-चार वाचनालयांना फोन करतात. वाचनालये जागेअभावी नम्र नकार देतात. शेवटी वजनकाटा घेऊन रद्दीवाला येतो आणि तो मात्र कधीच नकार देत नाही.

वाचनालयांनाही मी फार बोल लावू इच्छीत नाही. १९६७ च्या ग्रंथालय कायद्यानंतर महाराष्ट्रात हजारो सार्वजनिक ग्रंथालये अ, ब, क, ड अशा वर्गांत अनुदानावर चालतात, आणि अनुदानात कर्मचाऱ्याचा पगार भागविता भागविता चालकांच्या नाकी नऊ येतात. नवी पुस्तके ठेवावयास फळी मोकळी हवी, म्हणून जुन्यांचे निर्लेखन करावे लागते. कोणती बाद करावयाची, तर ज्यांना मागणी नाही ती. अशा एका वाचनालयात बाद ठरलेल्या गठ्ठ्यातून मी एक पुस्तक उचलून पाहिले. कोकणातील एका गावच्या शाळामास्तरांनी स्वखर्चाने छापलेला आपल्या गावाचा इतिहास होता. मागच्या पुठ्ठ्यावर चिकटविलेल्या तारखांच्या कागदावर एकच शिक्का होता, तोही चाळीस वर्षांपूर्वीचा. आत गावातील विहिरींची नोंद होती: कोणी बांधली, कोणत्या साली आटली, पाणी गोडे की मचूळ. या पुस्तकाला दुसरा वाचक चाळीस वर्षांत आला नाही हे खरे, पण त्या गावाला पाण्याची योजना आखावयास जो कोणी येईल त्याच्याकरिता ते फळीवर असावयास हवे होते, आणि ते दहा-बारा रुपये किलोच्या भावाने निघाले होते.

येथे मला एक व्यवहार्य सूचना करावयाची आहे. १८६७ च्या कायद्याने सरकार छापील पुस्तकांच्या प्रती घेऊन त्रैमासिक याद्या प्रसिद्ध करीत असे. १९५४ च्या कायद्याने प्रत्येक प्रकाशकाने आपल्या ग्रंथाच्या प्रती कलकत्त्याचे राष्ट्रीय ग्रंथालय आणि मुंबई, मद्रास व दिल्ली येथील नेमलेली ग्रंथालये यांना पाठविणे बंधनकारक केले. मोठे प्रकाशक हे पाळतात असे धरून चालू. पण गावच्या छापखान्यात निघालेली स्थानिक इतिहासाची, कुलवृत्तान्ताची, शेतकीची, तमाशाच्या वगांची पुस्तके या जाळ्यातून बहुशः निसटतात, आणि त्यांची शेवटची प्रत पुष्कळदा अशाच एखाद्या क वर्गाच्या वाचनालयात असते. म्हणून कोणत्याही अनुदानित ग्रंथालयाने मराठी पुस्तक बाद करण्यापूर्वी, ते राज्यात आणखी कोठे आहे काय याची चौकशी करणे सक्तीचे असावे. आणि कोठेच नसेल तर जिल्ह्याच्या ठिकाणी, अशा शेवटच्या प्रतींसाठी राखून ठेवलेल्या कोठारात ते पाठवावे. तेथे वाचक आले नाहीत तरी हरकत नाही. छप्पर गळू नये, वाळवीचा बंदोबस्त असावा, यादी चोख असावी आणि मागणाऱ्याला पुस्तक मिळावे, एवढेच पुरे.

जागा कोठून आणावयाची, असे विचारले जाईल. ज्या तालुका कचेऱ्यांतून जमिनीच्या गुंठ्या-गुंठ्याचे फेरफार शंभर शंभर वर्षे जपून ठेविले आहेत, आणि त्यांतील शेकडा नव्वद कागद कोणीही कधी मागावयास येत नसताना ते बाद करण्याचे कोणाच्या मनातही येत नाही, त्याच जिल्ह्यात त्याच मातीविषयी लिहिलेल्या पुस्तकांसाठी दोन खोल्या मिळत नाहीत असे ज्या अधिकाऱ्याचे म्हणणे असेल, त्याने तसा शेरा सहीशिक्क्यानिशी लिहून द्यावा, म्हणजे निदान तो कागद तरी दप्तरात राहील.